गोसीखुर्दच्या पाण्यात फायबरची नाव : आठ महिन्यांचा अनुभव

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात मी ऑक्टोबरपासून 14 फुटी फायबरची नाव चालवतो आहे. त्याआधी आमच्याकडे सागवानी फळ्यांचा डोंगा होता. दर उन्हाळ्यात तो उपडा घालून फटी बुजवाव्या लागत, डांबर द्यावे लागे आणि तितके दिवस मासेमारी थांबे. ते काम सुटले, शिवाय नाव दोघांना सहज काठावर ओढता येते.

खरा फरक मात्र जाळे सोडताना कळला. डोंगा जड असल्याने पाण्यात खोल बसे व वाऱ्याला सहसा हलत नसे. ही नाव उंच तरंगते, त्यामुळे थोड्या वाऱ्यानेही ती जाळ्याच्या ओळीवरून सरकते. हिवाळाभर मी वल्ह्याने झगडत राहिलो. शेवटी मोठ्या बाबांनी सुचवले की जाळे वारा जातो त्याच दिशेने सोडत जावे, म्हणजे वाराच नाव पुढे नेईल. तेव्हापासून जाळे सरळ बसते.

आजोबांचे जाळे सुताचे होते. ते रोज वाळवले नाही तर कुजे, आणि त्याला भाजलेल्या मातीचे मणी वजन म्हणून बांधत. आमचे तंगूसाचे, म्हणजे पारदर्शक नायलॉन धाग्याचे, जाळे कुजत नाही आणि पाण्यात माशाला जवळजवळ दिसत नाही. पण धरणात बुडालेल्या झाडांच्या खुंटांवर त्याचा तुकडा अडकून राहिला, तर तो मासे मारतच राहतो, आणि ते मासे कुणाच्याच हाती लागत नाहीत. हलक्या नावेमुळे खुंटांमध्ये शिरून असे तुकडे सोडवता येतात, ही या नावेची मला सर्वांत मोलाची वाटलेली बाजू आहे.

तेच खुंट तिचे वैरीही आहेत. एप्रिलमध्ये पाणी उतरल्यावर बुडाला वीतभर तडा गेला. लाकडाने असा धक्का सहज सोसला असता. तडा घासून, पूर्ण वाळवून, त्यावर फायबरचे मॅट (काचतंतूंचे कापड) आणि हार्डनर, म्हणजे घट्ट करणारे द्रव्य, मिसळलेले रेझिन (चिकट राळ) लावले. परंतु आपल्याकडच्या उन्हात दुपारी कालवलेले रेझिन ब्रश फिरवेपर्यंतच घट्ट झाले आणि वाया गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे, थोडे थोडे कालवून, काम नीट झाले. नावेच्या टोकांतील बंद पोकळ कप्पेही तेव्हाच तपासले, कारण नाव पाण्याने भरली तरी तिला तरंगत ठेवणारे तेच असतात. पुढच्या उन्हाळ्याआधी बुडाच्या मधल्या कण्यावर मॅटचे आणखी दोन थर देणार आहे.