गच्चीवर पांढरा कूल रूफ पेंट मारून वर्ष झालं, आमचा अनुभव (अकोला)

आमचं घर अकोल्यात, खाली तळमजला आणि वर दोन खोल्या, त्या खोल्यांवर थेट स्लॅब. मे महिन्यात पारा ४४-४५ इथे नेहमीचाच, पण आमचा खरा त्रास दुपारचा नव्हता, रात्रीचा होता. नऊ वाजता अंगणात जरा बरं वाटायचं आणि वर गेलं की भट्टी, पंखा लावला तर छताजवळची गरम हवा सरळ अंगावर. आई वर झोपते, तिला बीपी आहे. तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफ (ऊन परत फेकून कमी तापणारं छत) पॉलिसी आणली तेव्हापासून डोक्यात होतं, मागच्या मार्चमध्ये शेवटी करून घेतलं. ६०० स्क्वेअर फूट, दोन कोट, मजुरी धरून पंधरा हजाराच्या आसपास.

स्लॅब दिवसभर ऊन पिऊन घेतो आणि ती उष्णता पाच इंच काँक्रीटमधून खाली उतरायला काही तास लागतात, म्हणून संध्याकाळी सूर्य गेल्यावर आपलं छत तापतं. माणसाची त्वचा ३३-३४ डिग्रीला असते, छत ४१ ला असेल तर ते रात्रभर तुमच्यावर उष्णता टाकत राहतं, मग खोलीतली हवा कितीही गार करा. आधी कूलर फुल असायचा, तोंडावर गार वारा आणि तरी अंगाची लाही, त्याचं कारण हेच.

मी इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला होता. पेंटच्या आधी दुपारी अडीचला गच्ची ६२, नंतर तसल्याच उन्हात ४६. खोलीत रात्री नऊला छत आधी ४१, नंतर ३५-३६. हवेचं तापमान मात्र दोन-तीन डिग्रीच उतरलं, त्यामुळे एसीसारखी थंडी मिळेल असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. पण झोपेत फरक जमीन-अस्मानाचा आहे. आई मे महिन्यात रात्री उठून गच्चीच्या जिन्यात येऊन बसायची ते बंद झालं, मला एवढ्यासाठीच पैसे वसूल वाटतात. कूलरही आता लो वर चालतो, टाकीचं पाणी सकाळपर्यंत पुरतं.

घेताना डब्यावर एसआरआय (उन्हात छत किती कमी तापतं त्याचा आकडा) किती लिहिलाय ते बघा, १०० च्या वर असेल तर चांगला. नवा पांढरा कोट ऐंशी टक्क्यांच्या आसपास ऊन परत फेकतो आणि जी उष्णता आत गेली ती रात्री आकाशाकडे सोडूनही देतो. शेजाऱ्यांनी चंदेरी ॲल्युमिनियम पेंट मारला, तो चमकतो पण उष्णता सोडत नाही नीट, त्यांची गच्ची आमच्यापेक्षा बरीच तापते, आम्ही त्याच थर्मामीटरने बघितलं.

आता त्रास. पेंटरने टाकीजवळचं शेवाळ नीट घासलं नाही, वरूनच कोट मारला, पावसाळ्यात तिथले पापुद्रे निघाले. तेव्हा घासणं, भेगा भरणं, पूर्ण वाळू देणं हे स्वतः उभं राहून करून घ्या, पेंटपेक्षा महत्त्वाचं ते आहे. ओल्या गच्चीवर पाय घसरतो, म्हातारी माणसं असतील तर जिन्यापासून कपड्यांच्या दोरीपर्यंतची वाट खरखरीत ठेवा. दुपारी डोळ्यांवर लखलखाट येतो, कुरड्या घालताना आई डोक्यावरून पदर पुढे ओढून घ्यायची, पण पहिल्यांदाच अनवाणी उभी राहू शकली. डिसेंबरमध्ये वरच्या खोल्या पहाटे जास्त गारठतात, एक जादा रजई लागली.

आणि धूळ! फेब्रुवारीत गच्ची करडी दिसायला लागली होती. परवा साबण लावून झाडूने धुतली, त्याआधी दुपारी ५३ दाखवत होती, धुतल्यावर तेवढ्याच उन्हात ४७. म्हणजे दर वर्षी होळीच्या सुमारास धुणं आलंच.

पश्चिमेच्या भिंतीला याचा काही उपयोग नाही, ती संध्याकाळी सातलाही हाताला गरम लागते. या वर्षी तिथे दीड फूट अंतर सोडून हिरवी नेट बांधतोय, भिंतीला चिकटवून नाही, मधून हवा खेळली पाहिजे. टाकीजवळचा तुकडाही घासून ठेवलाय, रविवारी त्यावर नवा कोट मारणार.