मुद्रा, पीएमईजीपी, पीएमएफएमई की उद्यम क्रांती? इंदूरात छोटा धंदा करणाऱ्यांसाठी

सुदामा नगरात आमच्या गल्लीत दिवाळीच्या महिनाभर आधीपासून भाजणी भाजल्याचा वास सुटतो, आणि दरवर्षी कोणी ना कोणी मला विचारतंच की ताई मशीन घ्यायचंय, मुद्रा लोन घेऊ का. सरकारी लोन म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी मुद्राच येतं. माझ्याही आलं होतं. २०२१ मध्ये पल्व्हरायझर (मसाले दळायचं मशीन) आणि पॅकिंग मशीनसाठी मी ४ लाखांचं मुद्रा घेतलं, बँकेतल्या साहेबांनी जो फॉर्म पुढे केला तो भरून दिला, आणि दीड वर्षाने कळलं की त्याच मशीनवर दुसऱ्या योजनेत ३५ टक्के म्हणजे १ लाख ४० हजार सबसिडी मिळाली असती. ते पैसे आजही मनातून जात नाहीत, म्हणून हे लिहितेय.

आधी मुद्राचंच बघू. ८ एप्रिल २०१५ ला सुरू झालेली योजना, शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि ज्यांनी तरुण घेऊन नीट फेडलं त्यांना आता तरुण प्लसमध्ये २० लाखांपर्यंत. गहाण काही ठेवावं लागत नाही, दुकान असो, सर्व्हिस असो, मॅन्युफॅक्चरिंग असो, सगळ्याला चालतं, आणि खेळतं भांडवलही यातून घेता येतं, म्हणजे सियागंजातून मिरची-धणे उचलायला पैसे हवेत तर हेच लोन कामाचं. पण सबसिडी शून्य! व्याज बँक लावेल ते, सगळं आपल्यालाच भरायचं. ‘मुद्रात अर्धं माफ होतं’ असं कोणी सांगत असेल तर त्याच्यावर अजिबात विश्वास ठेवू नका.

पीएमईजीपी म्हणजे प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, खादी ग्रामोद्योग आयोगाची योजना. मॅन्युफॅक्चरिंगला ५० लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट, सर्व्हिसला २० लाखांपर्यंत. शहरात जनरल पुरुषाला १५ टक्के सबसिडी, पण महिला, ओबीसी, एससी-एसटी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना २५ टक्के, आणि युनिट पंचायतीच्या हद्दीत असेल तर हेच आकडे २५ आणि ३५ होतात. म्हणजे एखादी बाई सुदामा नगरातल्या घराऐवजी शहराबाहेर पंचायतीच्या गावात शेड घेऊन बसली तर १० लाखांच्या प्रोजेक्टवर सरळ १ लाखाचा फरक, जागा ठरवायच्या आधी हा हिशोब नक्की करा. अडचण एवढीच की युनिट नवीनच पाहिजे, आधीपासून चालू असलेल्या धंद्याला पहिलं लोन मिळत नाही, आणि एका कुटुंबात नवरा-बायको मिळून एकालाच. मॅन्युफॅक्चरिंगमध्ये १० लाखांच्या वर जायचं तर आठवी पास लागतं. किराणा दुकान, कापडाचं दुकान असल्या नुसत्या खरेदी-विक्रीला ही योजना धरूच नका.

आता पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना, जी माझ्या हातातून निसटली. ही फक्त खाण्याच्या वस्तूंसाठी, म्हणजे मसाले, पापड, लोणची, शेव, चकली, आणि इंदूरात हा धंदा किती घरांत चालतो ते वेगळं सांगायला नको. ३५ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १० लाख, जात-वर्ग-शहर-गाव काही फरक नाही, आणि जुनं युनिट वाढवायलाही चालते हे सगळ्यात मोठं. या योजनेत प्रत्येक जिल्ह्याचं एक उत्पादन ठरवलेलं असतं, आपल्या जिल्ह्याचं बटाटा आहे म्हणून फक्त वेफर्सवाल्यांनाच मिळतं असं काही जण समजतात, तसं नाही. स्वतःचे १० टक्के घालायचे. सबसिडी मशिनरीवर आणि थोड्याफार बांधकामावर मिळते, बेसन-तेलाच्या स्टॉकवर नाही. मध्य प्रदेशात हे काम उद्यानिकी विभागाकडे आहे आणि जिल्ह्याला नेमलेले रिसोर्स पर्सन असतात, ते प्रोजेक्ट रिपोर्ट बनवून देण्यापासून बँकेपर्यंत मदत करतात, त्यांचं मानधन योजनेतून मिळतं, आपल्याला द्यावं लागत नाही. मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवलेली होती, तेव्हा आधी पोर्टलवर अर्ज चालू आहेत का ते बघा.

पीएमईजीपी आणि पीएमएफएमई दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखीच, सबसिडी हातात येत नाही. बँकेत तुमच्या नावाने ३ वर्षं अडकून पडते, हप्ते नीट गेले आणि युनिट चालू राहिलं तरच लोनमध्ये वळती होते. पीएमईजीपीत तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही हा फायदा आहेच, पण हप्ता बसवताना सबसिडी आलीच असं धरून चालू नका. आमच्या ओळखीच्या एकांनी तसंच धरलं होतं, दुसऱ्या वर्षी हप्ते थकले.

मुख्यमंत्री उद्यम क्रांती ही आपल्या राज्याची, म्हणजे मध्य प्रदेशची योजना, २०२२ पासून. यात एकरकमी सबसिडी नाही, व्याजात दरवर्षी ३ टक्के सूट, ७ वर्षं, वर गॅरंटी फीसुद्धा (गहाणाऐवजी लोनला जी हमी असते तिची फी) सरकार देतं. मॅन्युफॅक्चरिंगला ५० लाखांपर्यंत, सर्व्हिस आणि दुकानाला २५ लाखांपर्यंत. वय १८ ते ४५, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १२ लाखांच्या आत, आणि उद्योग नवीन पाहिजे. दुकान टाकणाऱ्यांनी आधी इकडेच बघावं, कारण दुकानाला सूट देणारी दुसरी योजना मला तरी सापडलेली नाही.

एकच केस घेऊन बघा. शहरातली महिला, मसाल्याचं नवं युनिट, १० लाखांची मशिनरी. पीएमएफएमईत साडेतीन लाख सुटतात, पीएमईजीपीत अडीच लाख, उद्यम क्रांतीत ९ लाखांच्या लोनवर ७ वर्षांत मिळून साधारण लाखभर, मुद्रात काहीच नाही. हे आकडे मांडून झाल्यावर व्याजाच्या अर्ध्या-पाव टक्क्यासाठी चार बँका फिरण्यात अर्थ उरत नाही.

ठेलेवाल्यांना यातलं काही नको, पोह्यांची गाडी असेल तर पीएम स्वनिधी ही फेरीवाल्यांची लोन योजना, आधी १५ हजार, मग २५, मग ५०, वेळेवर भरलं की व्याजात ७ टक्के परत, नगर निगमचं प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं. शिंपी, सोनार, सुतार अशा १८ पारंपरिक कामांतले कारागीर असतील तर पीएम विश्वकर्मा योजना, ५ टक्के व्याजाने आधी १ लाख मग २ लाख, वर अवजारांसाठी १५ हजार. पण विश्वकर्मात गेल्या ५ वर्षांतलं मुद्रा किंवा स्वनिधी चालू असेल तर नाव बसत नाही, पूर्ण फेडलेलं असेल तर चालतं. शिवणकाम करणाऱ्या बायका घाईत ५० हजारांचं शिशु काढून बसतात आणि इथे अडकतात, त्यामुळे कुठलं लोन आधी घ्यायचं ते नीट ठरवा.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची केंद्र सरकारकडची नोंदणी (उद्यम क्रांती वेगळी), फुकट आहे, आधार नंबरने घरबसल्या होतं. माझ्याकडून एका एजंटने त्याचे दीड हजार घेतले होते. आणि निदान १० लाखांपर्यंतच्या लोनला बँकेने गहाण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, मागितलं तर मागणी लेखी द्या म्हणायचं, बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

आमच्या वहिनी ४७ वर्षांच्या, उद्यम क्रांतीतून वयानेच बाहेर, चकलीचं काम ६ वर्षांपासून घरातून चालू म्हणून पीएमईजीपीतूनही बाहेर. त्यांची फाइल पीएमएफएमईत टाकतोय. मशीनवाल्याचं पहिलं कोटेशन परत पाठवलं, त्यावर मशीनचा मॉडेल नंबर आणि जीएसटी नंबर दोन्ही नव्हते, नवीन आलं की रिसोर्स पर्सनकडे जायचंय, तोवर त्या मागच्या १२ महिन्यांची विक्री वहीतून काढून लिहितायत.