टेप उतरवायला एआय की बातमी लिहायला?

मुंबईत एकट्याने बीट, म्हणजे ठरवून दिलेलं क्षेत्र, सांभाळणाऱ्या बातमीदाराला एआय वापरायचंच असेल, तर कामं मुख्यतः दोन: टेपवरचं बोलणं शब्दांत उतरवणं आणि कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, लिहून घेणं. डेस्कला दुसऱ्याचा मोह जास्त, फील्डवरच्यांना पहिल्याचा. माझं मत फील्डच्या बाजूने.

आझाद मैदानावर आंदोलक बोलायला लागला की एकाच वाक्यात मराठी, हिंदी, इंग्रजी येतं आणि मागे घोषणा चालूच. यंत्र तिथे अडखळतं. 'साडेबारा कोटी'मधलं 'साडे' गाळतं, आडनावं बिघडवतं. ओपनएआयचं व्हिस्पर हे बोलण्याचा मजकूर करणारं मॉडेल तर कधी कधी कुणी बोलत नसतानाही आपल्या पदरची वाक्यं घुसडतं. पण मूळ टेप हाताशी असते. शंका आली की मागे जाऊन ऐकायचं, विषय संपला.

कॉपीचं तसं नाही. मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि महापालिकेवर प्रशासक आला. त्या काळातल्या एखाद्या कंत्राटाचे चार मुद्दे चॅटबॉटला द्या. 'स्थायी समितीने मंजुरी दिली' असं तो सफाईने लिहून मोकळा होऊ शकतो. नगरसेवकच नव्हते, तर त्यांची समिती कुठली! वाक्य इतकं ओळखीचं की थकलेल्या उपसंपादकाच्या नजरेतून सहज सुटेल. रविवारच्या मेगाब्लॉकची बातमी मात्र खुशाल लिहून घ्या, वेळा रेल्वेच्या पत्रकाशी ताडून. ती आपणही मागच्या आठवड्याचीच फिरवतो.

टेप उतरवतानाही ती कुठे जाते हे बघा. मंत्रालयातला अधिकारी 'नाव छापू नका' म्हणून बोललेला असतो आणि फुकटच्या ॲपमध्ये त्याचा आवाज परक्या सर्व्हरवर पोचतो. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०२५च्या सुरुवातीला आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटीसारखी साधनं वापरू नका असं सांगितलं होतं, तेही माहितीच्या गोपनीयतेपायी. व्हिस्पर २०२२पासून खुलं आहे, एकदा डाउनलोड केलं की इंटरनेटशिवाय आपल्याच संगणकावर चालतं. साध्या लॅपटॉपवर मोठं मॉडेल रखडतं आणि छोट्याचं मराठी कच्चं, त्यामुळे रात्री लावून झोपायचं. इंग्रजी परिपत्रकाच्या कच्च्या अनुवादाला सरकारचं भाषिणी हे अनुवादाचं साधन चालेल. सरकारविरुद्धच्या बातमीची टेप तिथे कोण टाकेल?

संध्याकाळच्या डेडलाइनला रात्रीचं यंत्र कामाचं नाही, हे खरं. तेवढ्यापुरते हवे ते दोन कोट टेप ऐकून हातानेच उतरवा.