लिनक्सवर कॅमेऱ्यातील फोटो उतरवताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या ग्नोम डेस्कटॉपवर डिजिटल कॅमेऱ्यातील फोटो उतरवण्याचे काम मी गेले अनेक महिने नियमितपणे करीत आहे. ‘कॅमेरा ओळखलाच जात नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा कॅमेऱ्यात नसते, तर एकाच कॅमेऱ्यावर दोन प्रोग्रॅम हक्क सांगतात त्यात असते, असे माझे मत झाले आहे.

आजचे बहुतेक कॅमेरे यूएसबीने जोडले असता पेन ड्राइव्हप्रमाणे वागत नाहीत. ते पीटीपी या प्रोटोकॉलने, म्हणजे फोटो पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, फोटो देतात. लिनक्सवर हा प्रोटोकॉल लिबजीफोटो२ ही लायब्ररी (इतर प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार कोड) हाताळते आणि शॉटवेल, डिजिकॅम, डार्कटेबल हे फोटोंचे तिन्ही प्रोग्रॅम तिच्यावरच विसंबून असतात. ग्नोममधील जीव्हीएफएस हा जोडलेली उपकरणे फाइल्सच्या खिडकीत दाखवणारा घटकही तीच लायब्ररी वापरतो आणि कॅमेरा जोडताच तो परस्पर माउंट करून, म्हणजे वापरासाठी उघडून, मोकळा होतो. यूएसबी जोडणीचा ताबा एका वेळी एकाकडेच राहत असल्यामुळे नंतर उघडलेल्या प्रोग्रॅमला ‘क्लेम’ करता आले नाही असा संदेश मिळतो. टर्मिनलवर याच लायब्ररीचा जीफोटो२ हा आदेश चालवल्यास हाच दोष उणे ५३ या क्रमांकाने दिसतो. अशा वेळी केबल न काढता फाइल्सच्या खिडकीत कॅमेऱ्याच्या नावाशेजारचे इजेक्टचे चिन्ह दाबावे आणि मग हवा तो प्रोग्रॅम उघडावा, एवढे पुरते. जोडलेली यूएसबी उपकरणे दाखवणाऱ्या एलएसयूएसबी या आदेशाच्या यादीतही कॅमेरा नसेल, तर मात्र केबल केवळ चार्जिंगची आहे का आणि कॅमेरा वीज वाचवण्यासाठी झोपी गेला आहे का, हे आधी पाहावे.

रोजच्या कामासाठी मी आता कार्ड रीडरच वापरतो, कारण त्यात हा ताब्याचा प्रश्नच उद्भवत नाही आणि कॅमेऱ्याची बॅटरीही खर्च होत नाही. ३२ जीबीपेक्षा मोठी एसडी कार्डे एक्सफॅट या फाइल साठवण्याच्या स्वरूपात येतात, त्यासाठी वेगळे पॅकेज बसवा असा सल्ला अजूनही दिला जातो. परंतु २०१९ च्या ५.४ या आवृत्तीपासून लिनक्स कर्नलमध्येच (प्रणालीच्या गाभ्यातच) एक्सफॅटची सोय झाली असल्याने तो सल्ला आता कालबाह्य आहे.

प्रोग्रॅमांपैकी शॉटवेल सुटसुटीत असून वर्ष, महिना, दिवस अशा फोल्डरांत फोटो लावते. रॅपिड फोटो डाउनलोडर मला अधिक भावला, कारण उतरवतानाच तो नावे बदलतो, दुसऱ्या डिस्कवर प्रतही ठेवतो आणि आधी उतरवलेले फोटो लक्षात ठेवतो. फाइलींचे क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरू होणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी नावात तारीख घालण्याची सोय मोलाची आहे.

व्हिडिओंकडे मात्र वेगळे लक्ष द्यावे लागते. फोटोच्या फाइलीत नोंदलेली एक्झिफ वेळ स्थानिक असते, तर एमपी४ या व्हिडिओ फाइलीतील वेळ प्रमाणानुसार यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असावी लागते आणि सगळे कॅमेरे ते पाळत नाहीत. त्यामुळे प्रोग्रॅमने यूटीसी वेळ स्थानिक न करता तशीच वापरली, तर भारतात पहाटे साडेपाचच्या आधी घेतलेला व्हिडिओ आदल्या दिवसाच्या फोल्डरात गेलेला आढळू शकतो.