खासगी कचराभूमी: आधी ग्रामसभा की थेट जनसुनावणी?

जमीन स्वतःची, सातबारा कोरा, तरी कचराभूमीसाठी गावाला विचारावं लागतंच. रस्ते दोन.

जनसुनावणी हा कायद्याचा रस्ता. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासण्याच्या) २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवतं आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत जाहिरात लागते, या तपासणीच्या अहवालाचा सारांशही मराठीत हवा. पण इथे मतदान नाही, गणपूर्तीची, म्हणजे किमान हजेरीची, अटही नाही. मंडपातले सगळे ‘नको’ म्हणाले तरी ते इतिवृत्तात जातं आणि निर्णय वरचे अधिकारी घेतात. कंपन्यांना हा रस्ता आवडतो तो म्हणूनच.

ग्रामसभेचं उलट. १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली कमी असेल ती संख्या जमली की ठराव होतो. या अधिसूचनेत तिच्या संमतीची सरसकट अट नाही. पण ठरावाच्या नकला कोर्टापर्यंत जातात, आणि विरोधातला ठराव असला की डंपर अडवणाऱ्यांना बळ येतं. कागदावर मात्र नीट लक्ष हवं: ‘ऐनवेळचे विषय’ या मथळ्याखाली, अर्धी सभा उठून गेल्यावर घेतलेला ना-हरकत ठराव पुढे हमखास वादात सापडतो.

मला विचाराल तर आधी ग्रामसभा. तिथे बाया थेट विचारतात, “विहिरीचं पाणी काळं आलं तर टँकर कोण देणार?” याचं लेखी उत्तर तयार नसेल, तर सुनावणीची तारीख मागूच नये.