अकरा महिने, दोन चाकं आणि एक ठोकळा: घरच्या लेथजवळचा धारेचा कोपरा

लातूरला घरामागे पत्र्याची शेड आहे, तिच्यात माझा लाकूड कातायचा लेथ. नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि रविवारी चालणारं हे काम. लाटणी, रवी, भोवरे, बांधावरच्या बाभळीचे वाडगे. लेथ घेतला तेव्हा लाकडाचा, चकचा, उजेडाचा सगळा विचार केला होता. धारेचा मात्र अजिबात नाही. हत्यारं नवीन आहेत, चालतील वर्षभर, असं वाटलं होतं. वाळलेल्या बाभळीने पहिल्याच वाडग्याला तो गैरसमज काढून टाकला. पाच-सात मिनिटांत गाउज (पन्हळीसारखी खोलगट पटाशी) कापायचं सोडून घासायला लागला, लांब ढलपी निघायची तिथे नुसता भुसा पडू लागला.

गेल्या दिवाळी पाडव्याला ग्राइंडर आणला, आता सोयाबीन काढणीला आलंय. म्हणजे अकरा महिने झाले. घरी लेथ चालवणाऱ्या कुणाला असा कोपरा उभा करायचा असेल तर माझे पैसे कुठे वाया गेले आणि कुठे वसूल झाले ते लिहून ठेवतो.

पहिली चूक ग्राइंडरच्याही आधीची. लोहाराकडून गाडीच्या जुन्या पाट्याचा एक स्क्यू (तिरप्या टोकाची सपाट पटाशी) करून घेतला होता. छान पाणी दिलेलं, म्हणजे तापवून-बुडवून कडक केलेलं होतं त्याने. तो मी एका मित्राच्या दुकानातल्या ग्राइंडरवर धरला. आठ इंची चाक, २८८० आरपीएम, वर करड्या रंगाचा कडक दगड. दोन मिनिटांत टोक निळं पडलं. साध्या कार्बन पोलादाचा रंग आधी गवती पिवळा होतो, मग तपकिरी, मग निळा. निळा म्हणजे साधारण ३०० अंश सेल्सिअस, आणि तिथे हत्याराचं पाणी उतरलेलं असतं. लोहाराने परत पाणी दिलं, पैसे घेतले नाहीत, पण माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते त्याहून महाग पडलं.

म्हणून कमी वेगाचा ग्राइंडर शोधला. आठ इंची चाक २८८० ने फिरलं की त्याची कड सेकंदाला सुमारे ३० मीटर पळते; १४४० चं घेतलं तर निम्मं, १५ मीटर. गावातल्या दुकानदाराकडे १४४० चा नव्हताच. "सर, हळू फिरणारा कशाला घेता, लोक तर जास्त आरपीएमचा मागतात," असं वर ऐकवलं. शेवटी संभाजीनगरहून मागवला. हायस्पीड स्टीलच्या हत्यारांना वेगाची एवढी भीती नसते हे मला नंतर कळलं. त्यात टंगस्टन, मोलिब्डेनम, व्हॅनेडियम असतं, ते ६०० अंशांच्या आसपासपर्यंत कडकपणा धरून ठेवतं. त्याचं टोक निळं दिसलं तरी घाबरायचं कारण नाही, आणि ते तापलं म्हणून पाण्यात बुडवायचं तर मुळीच नाही, कडेला बारीक तडे जाऊ शकतात. तरीही १४४० घेतल्याचं मला समाधान आहे. हात शिकत असताना चूक हळू झालेली बरी.

मधे एकाने पाण्यात फिरणाऱ्या सावकाश दगडाचं मशीन सुचवलं होतं. चांगलं असतं म्हणतात, तापतच नाही. पण २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आलेलं आमचं गाव. धारेसाठी कुंडीत पाणी भरून ठेवायचं म्हटलं तर आई आजही बोलेल. शिवाय ते मशीन गाउजचा आकार बदलायला फार वेळ घेतं. विषय तिथेच संपला.

ग्राइंडरसोबत आलेली दोन्ही करडी चाकं मी काढली. त्यातलं एक इतकं आऊट मारत होतं की टेबलावरचा चहाचा कप सरकत सरकत कडेला यायचा. काढताना डाव्या बाजूचा नट तासभर आवळतच बसलो, कारण तिकडे आटे उलटे असतात. हे मला माहीत होतं, तरी बसलो. एका बाजूला पांढरं चाक बसवलं. त्याच्या कागदावर डब्ल्यूए ६० के असं लिहिलेलं असतं: पांढरा अ‍ॅल्युमिना, ६० नंबरचा दाणा, आणि के म्हणजे बंध किती कडक ते. अक्षर जितकं पुढचं तितका दगड कडक. कडक स्टीलला मऊ दगड लागतो, कारण बोथट झालेला दाणा गळून खालचा नवा वर यायला पाहिजे. करड्या कडक दगडात तो गळत नाही, नुसता घासतो आणि तापवतो. पांढरं चाक बसवण्याआधी मधल्या भोकात बोट घालून लोंबतं धरा आणि लाकडी मुठीने हलकेच टिचकी द्या. खणखणीत वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर त्यात तडा आहे, परत करा. दोन्ही बाजूंचे कागदी गोल काढू नका. पहिल्यांदा चालू केल्यावर मिनिटभर बाजूला उभे राहा. यात गंमत नाही, हे चाक फुटलं तर डोक्याच्या उंचीवर फुटतं.

दुसऱ्या बाजूला सीबीएन चाक, १८० नंबरचं. यासाठी ग्राइंडरपेक्षा जास्त पैसे मोजले आणि घरी दोन आठवडे खरी किंमत सांगितली नाही. क्यूबिक बोरॉन नायट्राइड हे कडकपणात हिऱ्याच्या खालोखाल. मग हिराच का नाही? कारण हिरा म्हणजे कार्बन, आणि तापलेलं लोखंड कार्बन खातं. माझ्या चाकाची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे, वर सीबीएनचा पातळ थर. भोक माझ्या शाफ्टला जुळलं नाही, एमआयडीसीतल्या टर्नरकडून बुश (भोक आणि शाफ्टमधली फट भरणारी नळी) मारून घ्यावा लागला. मागवण्याआधी व्हर्नियर लावून शाफ्ट मोजा, माझ्यासारखं पट्टीने नको.

पहिले तीन आठवडे हे चाक मला खरखरीत वाटलं, फसलो की काय अशी शंका आली. नंतर ते बसलं. आता त्यावरून उतरलेली कड पांढऱ्या चाकापेक्षा नितळ असते, आणि ग्राइंडर फिरतोय हे हाताला जाणवतसुद्धा नाही. ड्रेसर (दगडाचं तोंड खरवडून सरळ करायचं हत्यार) लावावा लागत नाही, दगडाची धूळ नाही. पण खरा फायदा याहून वेगळा आहे, आणि तो समजायला मला मार्च उजाडला.

त्यासाठी जिगबद्दल, म्हणजे हत्यार ठरलेल्या कोनात धरून ठेवणाऱ्या आधाराबद्दल सांगावं लागेल. गाउजची धार नुसत्या हाताने लावणारे आहेत. आमच्याकडे एक कातारी आबा आहेत, तरुणपणी दोरीच्या चरकावर पाळण्याचे खुंट आणि लाटणी कातायचे, समोर एक माणूस दोरी ओढायला. ते कधीच जिग वापरणार नाहीत, त्यांच्या मनगटातच ती आहे. माझ्या मनगटात नाही. मी हाताने लावलेल्या गाउजला दर वेळी नवीन उतार पडायचा, एकावर एक पैलू, आणि दर वेळी हत्यार थोडं आखूड व्हायचं. महिनाभरात अर्धा इंच खाल्ला असेल.

बाहेरची तयार जिग महाग वाटली म्हणून ओळखीच्या फॅब्रिकेटर मामूंकडून करून घेतली. चाकाखालून बाहेर येणारा चौकोनी पाइप, तो दुसऱ्या पाइपात सरकतो, त्याच्या टोकाला व्ही आकाराची खोबण. हत्याराच्या मुठीचं टोक खोबणीत ठेवायचं आणि पुढचं टोक चाकावर. चित्र बघून मामू म्हणाले, "भाई, ये बंदूक का स्टँड बनारे क्या तुम?" पण बनवलं नीट. फक्त दोन पाइपांत पोस्टकार्डाएवढी फट राहिली, त्यामुळे खोबण डावी-उजवीकडे हलायची आणि धार एका अंगाला जास्त बसायची. वरून नट वेल्ड करून दाबायचा बोल्ट लावला तेव्हा ते थांबलं. गाउजचे पंख (टोकाच्या दोन्ही बाजूंच्या कडा) घासायला खाली पाय असलेला, गाउज पकडणारा होल्डर लागतो, तो मात्र तयार घेतला. तिथे घरगुती जुगाड जमला नाही, दोनदा करून बघितला.

आता कोन ठरतो तीन गोष्टींवर: होल्डरमधून गाउज किती बाहेर काढला, खोबण चाकापासून किती लांब, आणि होल्डरचा पाय किती वाकवला. तिन्ही तशाच राहिल्या तर धार तशीच येते. पांढरं चाक मात्र दर ड्रेसिंगला झिजतं. २०० मिमीचं १९० झालं की तीच खोबण, तेच माप, पण कोन वेगळा. मग पुन्हा मार्कर पेनाने उतार रंगवा, चाक हाताने फिरवा, रंग कुठे गेला बघा, पाइप सरकवा. सीबीएन झिजून लहान होत नाही. एकदा खूण केली की खूण खोटी पडत नाही. माझे पैसे तिथे वसूल झाले, नितळ कडेत नव्हे.

त्या खुणांसाठी मी सागाचा एक ठोकळा केलाय. त्यात ४५ मिमी खोल खाच आहे. होल्डर खाचेच्या तोंडाशी टेकवायचा, गाउज तळाला लागेपर्यंत ढकलायचा, स्क्रू आवळायचा. कडेला पेन्सिलीने लिहिलंय: वाडग्याचा गाउज ५५ अंश, स्पिंडलचा (लाटण्यासारख्या लांब कामाचा) ४०, रफिंगचा (पहिल्या ओबडधोबड कापाचा) ४५. पाइपावर रंगीत चिकटपट्टीच्या तीन खुणा आहेत. सगळ्या कोपऱ्यात हीच वस्तू सर्वात स्वस्त आणि हिच्याशिवाय बाकी सगळं अर्धवट. आता लेथ बंद करण्यापासून पुन्हा कापायला लागेपर्यंत मिनिटही लागत नाही. पूर्वी धार लावायची म्हणजे अर्धा तास जायचा, म्हणून मी ती टाळायचो आणि बोथट हत्याराने जोर लावून लाकूड फाडायचो. धार लावता येत नव्हती हे खरं दुखणं नव्हतंच. ती लावायचा कंटाळा यायचा.

कंटाळ्याची दुसरी कारणंही होती. ग्राइंडर आधी शेडच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या टेबलावर होता, गुडघ्याच्या थोडा वर. वाकून कंबर धरायची. आता लेथपासून दोन पावलांवर अँगलचा स्टँड आहे, वर शहाबादी फरशीचा तुकडा, खाली वाळूच्या दोन पिशव्या. चाकाचा मध्य माझ्या कोपराच्या उंचीला येतो. कप आता सरकत नाही. दिवा चाकाच्या बाजूने खालून येईल असा लावलाय, कारण वरच्या ट्यूबमध्ये कड दिसतच नाही. आबांची परीक्षा याच दिव्यात चालते. हत्यार उजेडात धरून कडेकडे बघतात. पांढरी रेघ चमकली की म्हणतात, "दिसायली की रं. दिसती ती धार नव्हं." बोथट कड उजेड परतवते, धारदार कडेला परतवायला जागाच नसते.

त्रासही आहेत. संध्याकाळी शेतातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं, ग्राइंडर नुसता गुणगुणतो आणि चाक फिरत नाही. अशा वेळी लगेच बंद करा, वाइंडिंग जळतं. मी हातात हत्यार घेण्याआधी चाक पूर्ण वेगात आल्याचा आवाज ऐकतो. ठिणग्यांचं तर विचारूच नका. फेब्रुवारीत एका रात्री जेवायला बसलो आणि जळका वास आला. ग्राइंडरखालच्या ढलप्यांच्या ढिगात एक ठिणगी पडून आतल्या आत धुमसत होती. तेव्हापासून ग्राइंडरच्या खाली पत्र्याचा ट्रे असतो आणि शेजारी वाळूची बादली. लेथ जवळ हवा हे खरं, पण त्याच्या भुशाची दिशा ग्राइंडरकडे नको.

स्क्यूबद्दल थोडक्यात: सीबीएनवरून काढून हिऱ्याच्या बारीक पट्टीवर दोन्ही अंगांनी चार-चार हात मारतो. लाटण्याला त्यानंतर पॉलिश पेपर जवळजवळ लागत नाही. स्क्रेपरला (खरवडायच्या हत्याराला) उलट, चाकावरून आलेली बारीक बर, म्हणजे कडेवर वळलेली धातूची कोर, तशीच ठेवतो, तीच तर कापते. पार्टिंग टूल (काम कापून वेगळं करायचं अरुंद हत्यार) मी अजूनही हातानेच लावतो आणि ते वाईटच लागतं.

शेवटची तक्रार गल्लीची. चाक फिरल्याचा आवाज भिंतीपलीकडे जातो. आधी शेजारच्या काकू विळी घेऊन आल्या, मग अडकित्ता आला, मग खुरपी. मऊ लोखंड सीबीएनवर धरलं तर चाक चोंदतं, अ‍ॅल्युमिनियमने तर लगेच. हे लोकांना समजावण्यात अर्थ नाही. त्यांना वाटतं, भारीतलं चाक स्वतःसाठी राखून ठेवलंय. (ठेवलंच आहे.) म्हणून सीबीएनवर जुन्या शर्टाची पिशवी चढवून ठेवतो आणि सगळ्यांचं काम पांढऱ्यावर करतो. विळ्याला निळा रंग चढू नये म्हणून हलक्या हाताने, मधेमधे पाण्यात बुडवत. तिथे पाणी चालतं, आई पण काही बोलत नाही. काल दारात नऊ विळे होते, प्रत्येकाच्या मुठीला वेगळ्या रंगाची चिंधी. पांढऱ्या चाकाला या महिन्यात तिसऱ्यांदा ड्रेसर लावलाय, आणि दिवाळीला नवीन मागवावं लागणार.