आठ महिने रेड ऑक्साइड: इलेक्ट्रोडच्या मिश्रणात किती आणि कसे

पेट्रोलियम नीडल कोकचे (तेलाच्या जड अवशेषापासून केलेल्या, सुईसारख्या दाण्यांच्या कार्बनचे) इलेक्ट्रोड ग्राफिटायझेशनच्या, म्हणजे कार्बनचे ग्राफाइट करणाऱ्या, भट्टीतून लांबलचक चिरा घेऊन बाहेर येत असतील, तर मिश्रणात आयर्न ऑक्साइड, म्हणजेच रेड ऑक्साइडची भुकटी, घालावे. आठ महिन्यांच्या वापरानंतर याबद्दल शंका उरलेली नाही. माल बिघडतो तो प्रमाणात आणि मिसळण्यात.

कोकमधला गंधक साधारण १५०० ते २००० अंश सेल्सिअसच्या दरम्यान घाईने बाहेर पडतो. वायूला वाट अपुरी पडली की दाणे फुगतात, आणि गार झाल्यावरही ती फूग उतरत नाही. हेच पफिंग. ऑक्साइडचे त्याआधीच्या बेकिंगमध्येच (भाजणीतच) लोखंड होते, ते गंधक धरते आणि तापमान चढेल तसा हळूहळू सोडते. गंधक जातोच, पण दमादमाने.

प्रमाण सवयीने ठरवू नका, कोकच्या गंधकावरून ठरवा. १००० किलो कोकमध्ये १० किलो शुद्ध ऑक्साइड घातले तर ७ किलो लोखंड मिळते, आणि ते जास्तीत जास्त ४ किलो गंधक धरते. म्हणजे ०.४ टक्के गंधकाला १ टक्का ऑक्साइड. दोन टक्क्यांच्या आसपास गेलात तर फायदा फारसा वाढत नाही. उलट त्याच १० किलोंमागे सव्वादोन किलो कार्बन खर्ची पडतो आणि सव्वापाच किलो कार्बन मोनॉक्साइड निघतो. जास्तीच्या भुकटीने सच्छिद्रता वाढते, ताकद उतरते.

आता मिसळणे. भुकटी काही मायक्रॉनचीच हवी आणि वाळवलेली हवी. ओलसर पोत्यातल्या गुठळ्या पिचमध्ये (कोकचे दाणे बांधणाऱ्या डांबरासारख्या पदार्थात) फुटत नाहीत, आणि भाजल्यावर नेमक्या त्याच जागी पोकळ्या दिसतात. म्हणून ती आधी कोकच्या बारीक चुऱ्यात कोरडीच घोळवून घ्यावी, मग गरम मिक्सरमध्ये पिच सोडावे. बारीक भुकटी पिच पिते. मिश्रण कोरडे वाटले तर पिच किंचित वाढवावे लागते. रंगकामाची रेड ऑक्साइड स्वस्त पडते, पण तिच्यात खडू किंवा इतर भर असू शकते. प्रत्येक खेपेला शुद्धता तपासा.

कोलटार (दगडी कोळशाच्या डांबरापासूनच्या) नीडल कोकला ऑक्साइडचा भरवसा धरू नका. तिथे फुगवणारा मुख्यतः नायट्रोजन असतो, आणि लोखंड त्याला गंधकासारखे धरत नाही. त्या मालाला तापवण्याचा वेग कमी करणे हाच जास्त खात्रीचा उपाय. थेट प्रवाहाच्या लांबवार भट्टीत, म्हणजे जिथे वीज इलेक्ट्रोडमधूनच लांबीभर जाते तिथे, तापमान झपाट्याने चढते, त्यामुळे पेट्रोलियम कोकलासुद्धा चढाईचा वेग सांभाळावाच लागतो.

नवा कोक आला की एकाच मिश्रणाचे दोन नमुने, एक ऑक्साइडसह आणि एक त्याशिवाय, २४०० अंशांपर्यंत नेऊन लांबीतला फरक मोजा. भट्टीतून निघालेल्या इलेक्ट्रोडची टोके मात्र वेगळी तपासा. २८०० अंशांपुढे बहुतेक लोखंड वाफ होऊन जाते, पण टोके थंड राहिली तर ते तिथेच अडकते. तिथला तुकडा जाळल्यावर राख तांबूस आली, तर टोकांना पुरेसे तापमान मिळालेले नाही.